कौल कुणाचा?

रत्नागिरीहून पावस ओलांडून पुढे गेले की मुचकुंदी नदी समुद्राला मिळते, तेथे पूर्णगड आहे. गड म्हणायचा एवढेच. सारा तट फिरून माणूस चहा निवायच्या आत घरी परत येतो. माझे आजोळ याच गावचे. वर्षभर कॉलेजात मराठी शिकवून घसा बसला की मे महिन्यात मी तेथे जातो आणि आबाआजोबांच्या ओटीवर बसून दुसऱ्यांचे ऐकतो. आबाआजोबा म्हणजे आईचे धाकटे काका. वय पंच्याऐंशी, पण दात आणि स्मरणशक्ती दोन्ही शाबूत.

या मे महिन्यात ओटीवर एकच विषय होता. खालच्या वाडीतल्या एका होडीचे इंजिन रातोरात नाहीसे झाले होते. संशय एका पोरावर. पोर कामाला टिकत नाही, रत्नागिरीला उगीच फेऱ्या मारतो आणि नवा मोबाइल घेऊन हिंडतो. एवढा पुरावा आमच्या ओटीला पुष्कळ झाला. मीही सुपारी कातरता कातरता बोलून गेलो, "द्या पोलिसांच्या ताब्यात. चार दणके बसले की आपोआप बोलेल!"

आबाआजोबांनी माझ्या हातून अडकित्ता काढून घेतला. "मास्तर," ते म्हणाले, "तू ज्यूरीत बसायच्या लायकीचा नाहीस. वाईट वाटून घेऊ नकोस. मीही नव्हतो."

मग गोष्ट निघाली ती १९५९ सालची. आजोबा तेव्हा गिरगावात राहून फोर्टमधल्या एका पेढीत कारकुनी करीत. त्या एप्रिलमध्ये नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्या घरी जाऊन त्याच्यावर गोळ्या झाडल्या आणि ते स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. हे ठरवून केलेले कृत्य, की झटापटीत घडलेला अपघात, एवढाच प्रश्न होता. पण मुंबईला प्रश्न पडलाच नव्हता. करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू अशी उचलून धरली, की चार आण्यांचा अंक दोन रुपयांना विकला गेला. "मीही घेतला," आजोबा म्हणाले. "महिन्याचा हिशेब कोलमडला, पण घेतला. कोर्टाबाहेरच्या गर्दीत उभा राहून टाळ्याही पिटल्या."

नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो निर्णय पटला नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. मार्च १९६० मध्ये हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली.

"त्या आठ जणांना मी वर्षानुवर्षे शहाणे समजत होतो," आजोबा म्हणाले. "आता वाटते, ते रोज माझ्यासारख्यांच्या टाळ्या ऐकतच घरी जात असतील. आणि मेला तो कुणाचा तरी भाऊ होता, हे आम्हां टाळ्या पिटणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात आले नाही."

"म्हणजे ज्यूरी बंद झाली हे बरेच झाले?" मी विचारले. नानावटींच्या खटल्याने ज्यूरी बुडाली असे आपण ऐकत आलो आहोत. खरे तर विधी आयोगाने १९५८ मध्येच ती बंद करण्याची शिफारस केली होती. आणि १९७४ मध्ये नवी फौजदारी संहिता लागू झाली, तेव्हा तिच्यात ज्यूरीला जागा उरली नाही.

"आपल्या रत्नागिरीचे टिळक आठव," आजोबा म्हणाले. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ ज्यूरर होते. सात युरोपियनांनी दोषी म्हटले, दोन पारशांनी निर्दोष. आणि टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या सात जणांसाठी बाहेर कुणी टाळ्या पिटत नव्हते. त्यांचा लोकसमाज त्यांच्या मनातच बसला होता!

ज्यूरी जिथे आहे तिथेही हा घोर सुटलेला नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये रॉडनी किंग याला मारहाण करणाऱ्या पोलिसांना ज्यूरीने सोडले आणि लॉस एंजेलिस पेटले. पन्नासांहून अधिक माणसे मेली. २०२१ मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या खुनाबद्दल डेरेक शॉव्हिन या पोलिसावर खटला चालला, तेव्हा ज्यूररांची नावे गुप्त ठेवावी लागली आणि न्यायालयाभोवती कुंपण घालावे लागले. ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. कुंपण माणसांना अडवते. रस्त्यावरची भीती मात्र त्यातूनही आत जात असेल.

आणि ज्यूरी नसली म्हणून आपणही सुटलो नाही. 'चकमकफेम' अधिकाऱ्यांचे आपण वर्षानुवर्षे कौतुक केले, त्यांच्यावर चित्रपट काढले. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबई पोलिसांनी लखनभैयाला चकमकीत मारल्याचे जाहीर केले. त्याचा भाऊ वकील. तो हटला नाही. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने चकमक बनावट ठरवून तेरा पोलिसांसह एकवीस जणांना शिक्षा दिली, मात्र प्रदीप शर्मा सुटले. मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाने ती सुटका रद्द करून त्यांना जन्मठेप दिली. त्यावरचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले. भाऊ वकील नसता तर? माझे 'चार दणके' मला तेव्हा आठवले.

"मग लोकांनी तोंड शिवून बसायचे?" मी जरा चिडूनच म्हणालो. त्यावर मलाच दुसरे उदाहरण आठवले. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, हायकोर्टाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. तेव्हा उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. निकालातल्या तर्कातच बोट ठेवून त्यांनी विचारले, की मुलगी ओरडली नाही म्हणजे तिची संमती होती काय? देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. सुटलेले सुटलेच, पण पुढच्या मुलीला तो कायदा मिळाला.

आजोबांनी मान हलवली. "देवळात कौल लावतात, पाहिला आहेस ना? गुरव गाऱ्हाणे घालतो, आणि मग सारे गप्प बसतात. फूल उजवे पडो की डावे, हात लावून कुणी पाडत नाही. कौल पटला नाही तर पुन्हा गाऱ्हाणे घालता येते. तुझ्या त्या चौघांनी गाऱ्हाणे घातले. आम्ही गिरगावकरांनी फूल पाडले."

वाचकहो, वर्गात मी 'न्याय' या शब्दावर तासभर बोलू शकतो. ओटीवर मला एक मिनिटही थांबता आले नव्हते.

इंजिन अजून सापडलेले नाही. पोलिसांत तक्रार गेली, पण संशयिताच्या रकान्यात कुणाचे नाव घालू दिले नाही आजोबांनी. निघायच्या दिवशी खाडीवर तो पोर दिसला. मला पाहून त्याने मान खाली घातली. ओटीवरचे बोलणे वाडीत पोचायला किती वेळ लागतो! मी थांबलो आणि त्याला नावाने हाक मारली. पुढे काय बोलावे ते सुचेना, म्हणून "भरती केव्हा आहे रे?" असे विचारले. त्याने वेळ सांगितली. अगदी बरोबर होती.