व्ही. पी. एन. : विश्वास कोणावर ठेवावा?

महत्त्वाचें पत्र दुसऱ्याच्या हातीं देतांना, हा मनुष्य तें वाटेंत कोणाला दाखविणार तर नाहीं ना, असा विचार प्रत्येक सुज्ञ गृहस्थ करतो. इंटरनेटच्या बाबतींत मात्र सुशिक्षित कुटुंबेंहि हा विचार विसरतात. घरांतील कोणी आपल्या दुखण्याची माहिती शोधतो, कोणी कर्जाची, तर कोणी वकिलाची; आणि हें इतरांस कळूं नये म्हणून व्ही. पी. एन. ही सेवा घेतली जाते. ‘आतां तुमच्याकडे कोणी पाहत नाहीं’, असें तिच्या जाहिराती सांगतात. यांत तथ्य किती?

प्रथम या सेवेचें कार्य पाहावें. मोबाईलवरून निघालेला मजकूर इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या हातून जातो. आजच्या बहुतेक संकेतस्थळांशीं होणारा व्यवहार सांकेतिक लिपींत बंद असतो. त्यामुळें कंपनीला पत्रांतील मजकूर वाचतां येत नाहीं. परंतु पत्र कोणत्या पत्त्यावर गेलें हें तिला बहुधा कळतें. आणि एखाद्या रोगाविषयींच्या संस्थेचा पत्ता कळला, कीं मजकूर न वाचतांहि पुष्कळ कळलें! व्ही. पी. एन. सेवा हें पत्र दुसऱ्या मोठ्या लखोट्यांत घालून त्यावर स्वतःचाच पत्ता लिहिते. कंपनीला तेवढाच पत्ता दिसतो. पुढें त्या सेवेच्या संगणकावर बाहेरील लखोटा फोडला जातो आणि आंतील पत्र मूळ ठिकाणीं रवाना होतें.

म्हणजे, पूर्वीं जें कंपनीला दिसत होतें तें आतां या मध्यस्थाला दिसतें. विश्वास ठेवण्याची गरज नाहींशी होत नाहीं. ती केवळ एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते. शिवाय ज्या संकेतस्थळावर स्वतःच्या नांवानें प्रवेश केला, त्यास माणूस ओळखतां येतोच. तेथें दुसऱ्या लखोट्याचा उपयोग नाहीं.

मध्यस्थ कसा निघूं शकतो, याचें उदाहरण प्रसिद्ध आहे. फेसबुकनें २०१३ सालीं ओनावो ही इस्रायली कंपनी विकत घेतली. तिची ‘ओनावो प्रोटेक्ट’ ही सेवा विनामूल्य होती आणि नांवाप्रमाणें संरक्षणाची ग्वाही देत होती. प्रत्यक्षांत लोक मोबाईलवर काय काय वापरतात याची माहिती तिच्यामार्फत गोळा होऊन ती फेसबुकच्या व्यापारी उपयोगास येत होती. २०१९ सालीं ती बंद झाली. ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयानें २०२३ सालीं मेटाच्या दोन उपकंपन्यांना एकूण २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला.

याउलट स्वीडनमधील मुलवाड या सेवेची गोष्ट. ती ग्राहकाचें नांव किंवा ई-मेल विचारीत नाहीं. प्रत्येकास केवळ एक क्रमांक देते. एप्रिल २०२३ मध्यें पोलीस झडतीचें वॉरंट घेऊन तिच्या गोथेनबर्ग येथील कचेरींत आले. परंतु त्यांना हवी असलेली ग्राहकांची माहिती तेथें नव्हतीच. तेव्हां ते रिक्त हस्तानें परतले. गुप्तता पाळण्याचें वचन परिस्थितीनुसार मोडतां येतें. जी नोंद मुळांतच केलेली नाहीं, ती मात्र कोणासहि देतां येत नाहीं.

नोंदींचा प्रश्न कायद्याशींहि निगडित आहे. २८ एप्रिल २०२२ रोजीं भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेनें, व्ही. पी. एन. पुरविणाऱ्यांनीं ग्राहकांचीं नांवें, पत्ते इत्यादि माहिती ५ वर्षें जपून ठेवावी, असा आदेश काढला. गुन्ह्यांच्या तपासास अशा नोंदी उपयुक्त, ही सरकारची बाजू. तर नोंदी ठेवल्या कीं सेवेचा हेतूच नष्ट होतो, ही कंपन्यांची. एक्सप्रेस, नॉर्ड, सर्फशार्क यांसारख्या कंपन्यांनीं त्या वर्षीं भारतांतील आपले संगणक हलविले.

तेव्हां सेवा निवडतांना जाहिरातीपेक्षां चार गोष्टी पाहाव्या. कंपनीचे मालक कोण? ती कोणत्या देशाच्या कायद्याखालीं चालते? ती काय लिहून ठेवते, आणि तें बाहेरच्या तज्ज्ञांनीं तपासलें आहे काय? शेवटीं, तिचा खर्च कशांतून निघतो? कांहीं सेवांत पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या आधारें इतरांस विनामूल्य सोय मिळते. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु ज्या सेवेचा खर्च कोण सोसतो हेंच समजत नाहीं, तिच्या हातीं घरांतील पत्रें देण्यापेक्षां तीं नेहमींच्या वाटेनें पाठविलेलीं बरीं.