१०८ ची गाडी आणि म्हातारपणाची पेन्शन

रात्री-अपरात्री कुणाला साप चावला, की घरची माणसं १०८ नंबर लावतात. गाडी येते. गाडीत डॉक्टर असतो आणि चालवणारा असतो. त्याला 'पायलट' म्हणतात. महाराष्ट्रात ही गाडी २०१४ साली सुरू झाली. लोकांना ती सरकारी वाटते, पण पायलटची नोकरी ठेकेदाराकडे असते. म्हणून सरकारी नोकराची पेन्शन त्याला नाही. मग म्हातारपणी काय?

त्याला प्रॉव्हिडंट फंड आहे. हा कायदा १९५२ सालचा. तेव्हा तो कापड, सिमेंट, कागद अशा सहाच धंद्यांना होता, आणि तोही ५० माणसांच्या वरच्या कारखान्यांना. १९६० साली ५० चे २० झाले. पुढे आणखी कितीतरी कामं त्यात आली. ठेकेदाराचा माणूसही त्यात मोडतो. १९९५ साली त्याला पेन्शनची जोड मिळाली.

समजा, पगार १४,००० रुपये आहे. त्यातून १२ टक्के, म्हणजे १,६८० रुपये कापतात. मालकही तेवढेच घालतो. मालकाच्या पैशांतले १,१६६ रुपये पेन्शनकडे जातात. दहा वर्षं भरली, की ५८ व्या वर्षापासून महिना २,००० रुपये पेन्शन बसते. पंधरा वर्षं भरली, तर ३,०००.

खरी अडचण पुढेच आहे. ठेका बदलतो, कंपनी बदलते. हाती चार पैसे यावेत म्हणून माणूस पेन्शनचे पैसे काढून घेतो. पैसे काढले, की मागची वर्षं पुसली! पुन्हा पहिल्यापासून मोजणी. तसं करू नये. फंडाचा बारा आकडी नंबर नव्या कंपनीला द्यावा आणि जुनं खातं नव्याला जोडून घ्यावं. मधे नोकरी नसेल, तर फंडाच्या कचेरीतून 'स्कीम सर्टिफिकेट' घ्यावं. त्यात मागची वर्षं लिहिलेली राहतात.

रात्रपाळीची ही नोकरी दहा वर्षं टिकवणं सोपं नव्हे. या लोकांना पाच वर्षांची अट ठेवली, तर बरं होईल, असं आम्हांला वाटतं.

पायलट नोकरीत असताना दगावला, तर दहा वर्षांची अट नाही. एक महिन्याचे पैसे भरले असले, तरी बायकोला पेन्शन मिळते.

आणि पासबुक बघत जावं. पगारातून पैसे कापले, पण खात्यात दिसत नाहीत, तर फंडाच्या कचेरीत लेखी तक्रार द्यावी. ठेकेदारानं पैसे भरले नाहीत, तर ज्यानं ठेका दिला त्याला ते भरावे लागतात.