किंमत उतरवण्याआधी हे दोन आकडे बघा

ऑर्डर थांबल्या की आपण लगेच किंमत उतरवतो आणि नफा तिथेच जातो. आधी ॲमेझॉन सेलर सेंट्रलमधला बिझनेस रिपोर्ट उघडा. 'सेशन्स' म्हणजे प्रॉडक्टच्या पेजला झालेल्या भेटी. 'युनिट सेशन पर्सेंटेज' म्हणजे दर शंभर भेटींमागे विकले गेलेले नग. समजा, २०० सेशन्समध्ये ४ नग गेले, तर २ टक्के.

सेशन्सच कमी? मग गिऱ्हाईक दुकानापर्यंत पोचतच नाहीये. टायटलमधले शब्द आणि मुख्य फोटो सुधारा, थोडी जाहिरात करा.

सेशन्स भरपूर, पण टक्केवारी कमी? मग गिऱ्हाईक बघून परत जातंय. बाकीचे फोटो, साइजची माहिती, रिव्ह्यू तपासा. किंमत सगळ्यात शेवटी. इथे जाहिरात वाढवणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं!

एका वेळी एकच बदल करा, तारीख वहीत लिहा आणि दोन आठवड्यांनी आकडे परत बघा.