लाळ-खुरकताची टोंचणी पुन्हां पुन्हां कां?

लाळ-खुरकताची लस गुरांस एकदां टोंचून घेण्यास आतां सहसा कोणी नकार देत नाहीं. अडतें तें पुढच्या खेपेस. "मागल्या वेळीं गाईचें दूध उतरलें, मानेला गांठ आली, पुन्हां कशाला?" असें म्हणून कित्येक शेतकरी टोंचणारास अंगणांतूनच परत पाठवितात.

हें गाऱ्हाणें खोटें नव्हे. या लशींत मारलेला विषाणु तेलांत मिसळलेला असतो. तें तेल सावकाश जिरत असल्यामुळें टोंचल्या जागीं गांठ राहते. एक-दोन दिवस अंगांत कसर येते, दोन-तीन दिवस दूध घटतें व पुन्हां भरून येतें. उलट खुद्द रोग झाल्यास तोंडांत, खुरांत व सडांवर फोड येतात; ऐन पेरणींत बैल लंगडतो, दुभतें जनावर त्या वेतांत पूर्वीच्या दुधावर बहुधा येत नाहीं, आणि कोंवळीं वासरें हृदय बिघडून दगावतात. दोन दिवसांचें दूध कीं अख्खें वेत, हा हिशेब मांडण्यास कारकून नको.

बुळकांडीची लस एकदांच पुरे, मग हिला फेरे कां? प्रश्न वाजवी आहे. बुळकांडीच्या लशींत सौम्य केलेला, पण जिवंत विषाणु असे; त्याची शक्ति वर्षानुवर्षें टिके. तो रोग जगांतून नाहींसा झाल्याचें २०११ सालीं जाहीर झालें. लाळ-खुरकताचा विषाणु मारूनच घालावा लागतो, म्हणून लशीची शक्ति लवकर ओसरते. यास्तव वासरास चौथ्या महिन्यांत पहिली टोंचणी, महिन्यानें दुसरी, व पुढें दर सहा महिन्यांनीं एक. २०१९ सालीं केंद्र सरकारनें ही टोंचणी आपल्या खर्चानें सुरू केली.

"टोंचलें म्हणूनच रोग आला," अशीही एक भीति आहे. लशीचा गुण येण्यास दोन-तीन आठवडे लागतात. रोग आधींच अंगांत शिरलेला असल्यास तो मधल्या दिवसांत बाहेर पडतो, आणि बोल मात्र लशीस लागतो. म्हणून गांवांत साथ येण्यापूर्वींच टोंचून घ्यावें. प्रत्येक जनावरास निराळी सुई मागावी; त्यांत संकोच कसला? जनावर आजारी असेल किंवा त्याचे दिवस भरत आले असतील तर तसें आधीं सांगावें. टोंचल्यावर अर्धा तास त्याच्याजवळ थांबावें. क्वचित् एखाद्यास धाप लागते, तोंड सुजतें. अशा वेळीं पशुवैद्यानें तत्काळ ॲड्रिनॅलीन टोंचल्यास जनावर बहुधा वांचतें, यास्तव टोंचणारास चहाच्या निमित्तानें का होईना, तेवढा वेळ बसवून घ्यावें.