‘दहा इंची’ कशास म्हणावे? लहान जागेसाठी पट्टाकरवतीची निवड

कारागिरांच्या व्यवहारातील शब्द गोळा करीत असता पेण तालुक्यातील डोलवी येथे एका सुताराने प्रस्तुत लेखकास उलट प्रश्न केला. घराच्या पडवीत मावेल असा बँडसॉ, म्हणजे पट्टाकरवत, घ्यावयाची आहे. ती आठ इंची घ्यावी, दहा इंची की चौदा इंची? प्रश्न यंत्राचा खरा. परंतु त्यातील अडचण पुष्कळशी विशेषणाची आहे, म्हणून तो येथे मांडण्यास संकोच वाटत नाही.

‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’पासून आला. पट्टाकरवतीत ‘कर’ गेला आणि ‘पत्र’ तेवढे उरले. एकावर एक बसविलेल्या दोन चाकांवरून दातेरी पोलादी पट्टीचे अखंड कडे फिरते आणि मधल्या मेजावर लाकूड पुढे सरकवावयाचे असते. या कल्पनेचे एकस्व विल्यम न्यूबेरी याने इंग्लंडमध्ये 1808 साली घेतले. तथापि पट्टीची टोके टिकाऊपणे जोडता येईनात. अ‍ॅन पॉलिन क्रेपँ या फ्रेंच स्त्रीने 1846 साली जोडणीच्या पद्धतीचे एकस्व मिळविल्यानंतरच हे यंत्र व्यवहारात येऊ लागले.

आता ‘दहा इंची’. चक्राकार करवतीच्या बाबतीत हे विशेषण पात्याचे असते. पट्टाकरवतीच्या बाबतीत ते चाकाच्या व्यासाचे असते. आमच्या सुताराची समजूत अशी की, दहा इंची यंत्र दहा इंच जाडीचे लाकूड कापते. वस्तुतः चाकाच्या व्यासावरून कळते ते पाते आणि मागचा खांब यांमधील अंतर. तेही दहा इंचांहून किंचित कमीच. मेजापासून वर किती उंचीचे लाकूड जाईल, हे माप निराळे आहे. आठ-दहा इंची यंत्रांत ते सामान्यतः तीन ते पाच इंच, चौदा इंचीत सहा इंचांच्या आसपास असते. फणसाची आठ इंच रुंदीची फळी उभी धरून तिच्या दोन पातळ फळ्या काढावयाच्या असतील, तर दहा इंची यंत्र निरुपयोगी ठरेल. चौदा इंचीचाही खांब बहुधा वाढवून घ्यावा लागेल.

चाकाचा दुसरा परिणाम पात्यावर होतो. लहान चाकावर पट्टी अधिक वाकते आणि लवकर तुटते; म्हणून पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या सहस्रांशाहून अधिक नसावी, असा ठोकताळा आहे. पातळ पट्टीस ताण कमी सोसतो आणि जाड लाकडात ती वाट सोडते. रुंदीचेही असेच: 6 मिलिमीटर रुंदीचे पाते सुमारे 16 मिलिमीटर त्रिज्येचे वळण घेते, 12 मिलिमीटरचे पाते त्याच्या जवळजवळ चौपट त्रिज्या मागते. खुर्चीच्या हातांची नक्षीदार वळणे हेच काम असेल तर दहा इंची पुरे आहे. फळ्या चिरणे हे मुख्य काम असेल तर ते घेऊ नये.

जागेचा हिशेबही यंत्राच्या पायांवरून करू नये. चार फुटी फळीस यंत्रापुढे चार फूट आणि मागे चार फूट लागतात. पडवी लांबट असेल तर कापण्याची दिशा तिच्या लांबीशी समांतर ठेवावी. पाते लाकडास खाली मेजावर दाबते, चक्राकार करवतीप्रमाणे मागे भिरकावीत नाही. शिवाय त्याची वाट मिलिमीटरभराचीच, म्हणून लाकूड कमी वाया जाते. मात्र धूळ बारीक उडते. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली प्रसिद्ध केला. ज्या पडवीलगत घरातील माणसे निजतात तेथे धूळ ओढणारा पंखा ही चैन नव्हे. खाडीकाठच्या दमट हवेत ओतीव लोखंडाचे मेज गंजते, म्हणून त्यावर मेण चोळून ठेवावे.

खरी गुंतागुंत पुढेच आहे. लाकडावर आधारित उद्योगांसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2016 साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत वैध मार्गाने मिळविलेले चिरीव लाकूड वापरणाऱ्या लहान उद्योगांस परवान्यातून सूट आहे. अट अशी की तेथे पट्टाकरवत, फेरचिरणीची करवत किंवा चक्राकार करवत नसावी. इंग्रजी वाक्यात ‘30 सेंटिमीटरहून अधिक व्यासाची’ हा विशेषणखंड तिन्ही नामांच्या शेवटी येतो. तो तिन्ही नामांचा मानला, तर दहा इंची यंत्राचे चाक 25.4 सेंटिमीटरचे असल्याने सूट मिळते आणि चौदा इंचीचे 35.6 सेंटिमीटरचे असल्याने मिळत नाही. तो केवळ शेवटच्या नामाचा मानला, तर लहानात लहान पट्टाकरवतही सुटत नाही. मराठीत विशेषण नामाआधी येत असल्याने अनुवादकाला येथे निवड करावीच लागते. माझे मत दुसऱ्या अर्थाकडे झुकते, कारण करवतीचा व्यास म्हटले की चक्राकार पातेच डोळ्यांपुढे येते. परंतु ज्याची रोजी त्यावर अवलंबून आहे त्याने व्याकरणकाराच्या मतावर यंत्र विकत घेऊ नये.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वी वनविभागाच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी, असे आम्ही सुचविले. त्याने अर्ज लिहून दाखविला. त्यात ‘दहा इंची बँडसॉ’ असे होते. त्याऐवजी ‘दहा इंच व्यासाच्या चाकांचा बँडसॉ’ असे करून दिले.