आधी रेषा, मग थर



आमच्या गटाच्या शेंगा चटणीचं पहिलं लेबल आम्हीच संगणकावर तयार केलं होतं. पडद्यावर ते इतकं छान दिसत होतं, की आम्ही एकदम १००० लेबलं छापायला टाकली. छापून आली आणि आमचे चेहरे उतरले. उजव्या कोपऱ्यात, अगदी कडेला आम्ही एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक लिहिला होता. कापताना त्याचे शेवटचे २ आकडे गेले. क्रमांक १४ आकडी असतो, आमच्या पाकिटावर उरले १२! दुकानदार म्हणाले, "ताई, अर्धा नंबर असलेला माल मी ठेवू कसा?" सगळी लेबलं रद्दीत गेली.

छापखान्याची चूक नव्हती. लेबलं गठ्ठ्याने कापतात, तेव्हा पातं एखादा मिलीमीटर इकडेतिकडे होतंच. त्यासाठी जागा आम्ही सोडायला हवी होती. आपल्यापैकी ज्या शिवणकाम करतात त्यांना हे लगेच कळेल. ब्लाऊज बेतताना आपण थेट मापावर कात्री चालवतो का? नाही. आधी खडूने रेषा आखतो आणि शिलाईसाठी माया सोडतो. लेबलाचंही तसंच असतं. संगणकावरच्या या खडूच्या रेषांना 'गाइड' म्हणतात.

आम्ही इंकस्केप नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. ते मोफत मिळतं. पडद्याच्या वर आणि डावीकडे मोजपट्टी असते. वरच्या पट्टीवर माऊस दाबून धरायचा आणि खाली ओढायचा, की आडवी रेषा येते. डावीकडच्या पट्टीवरून ओढलं की उभी येते. रेषेवर दोनदा क्लिक केलं तर एक छोटी चौकट उघडते, तिच्यात नेमकं माप लिहिता येतं. नको असलेल्या रेषेवर माऊस नेऊन डिलीट दाबलं की ती जाते. आणि खडू जसा धुतल्यावर निघून जातो, तशा या रेषा छापताना येतच नाहीत.

आता आमच्या लेबलाचं माप सांगतो, वही घ्या. लेबल १०० मिलीमीटर रुंद आणि ७० उंच. चारही बाजूंना ३ मिलीमीटर माया धरली, म्हणून कागदाचं माप झालं १०६ बाय ७६. पहिल्या रेषा कापण्याच्या: उभ्या ३ आणि १०३ वर, आडव्या ३ आणि ७३ वर. दुसऱ्या रेषा त्यांच्या आत ४ मिलीमीटरवर: उभ्या ७ आणि ९९ वर, आडव्या ७ आणि ६९ वर. नियम एवढाच, की मागचा रंग अगदी कागदाच्या टोकापर्यंत न्यायचा, म्हणजे पातं सरकलं तरी पांढरी कड दिसत नाही. आणि प्रत्येक अक्षर, प्रत्येक आकडा आतल्या रेषांच्या आतच ठेवायचा. छापखान्याला मायेचं माप वेगळं हवं असेल तर ते आधीच विचारून घ्या.

एक उभी रेषा बरोबर मध्ये, ५३ वर टाका. गटाचं नाव तिच्यावर बेतलं की डावीकडे-उजवीकडे झुकत नाही. 'स्नॅप' ही सोय चालू असेल तर वस्तू रेषेजवळ नेताच तिला चिकटते, डोळ्यांवर ताण येत नाही.

रेषा झाल्या. आता थर, म्हणजे 'लेअर'. समजा, पारदर्शक प्लास्टिकचे ४ कागद एकावर एक ठेवले. सगळ्यात खालच्यावर रंग, दुसऱ्यावर शेंगांचं चित्र, तिसऱ्यावर न बदलणारा मजकूर, आणि सगळ्यात वरच्यावर बदलणारा. वरून पाहिलं तर एकच लेबल दिसतं, पण कुठलाही एक कागद बाजूला काढता येतो.

आमच्या जुन्या फाइलमध्ये सगळं एकाच थरात होतं. किंमत बदलायला गेलो की चित्र हलायचं, चित्र सावरलं की नाव सरकायचं. शेवटी दर वेळी कुणाला तरी पैसे देऊन काम करून घ्यावं लागायचं.

आता आम्ही असे थर करतो. गटाचं नाव, पत्ता, घटक पदार्थ, नोंदणी क्रमांक आणि हिरव्या चौकोनातलं हिरवं वर्तुळ, म्हणजे शाकाहारीची खूण, हे 'कायम' थरात. वजन, किंमत, बॅच नंबर आणि तारीख 'बदल' थरात. थरांच्या यादीत प्रत्येक नावाशेजारी डोळा आणि कुलूप अशी दोन चिन्हं असतात. खालच्या तिन्ही थरांना कुलूप लावायचं. मग कितीही क्लिक केलं तरी ते हलत नाहीत आणि फक्त किंमत आपल्या हाती येते. डोळा मिटला की थर दिसेनासा होतो. त्यामुळे एकाच फाइलमध्ये जवस चटणी आणि कारळ चटणीचे घटक वेगवेगळ्या थरांवर ठेवता येतात. लागेल तो दाखवायचा, दुसरा झाकायचा.

दोन गोष्टी मात्र आम्ही अडखळूनच शिकलो. काही लिहायला गेलं आणि उमटलंच नाही, तर घाबरू नका. बहुधा आपण कुलूपबंद थरावर उभ्या असतो, यादीत योग्य थर निवडा. आणि छपाईला देण्याआधी सगळे डोळे तपासा. झाकलेला थर छापला जात नाही. तारखेचा थर झाकलेला राहिला तर लेबल तारखेविनाच येईल!

पीडीएफ करताना 'टेक्स्टचे पाथ करा' हा पर्याय निवडा. नाहीतर दुसऱ्या संगणकावर आपली जोडाक्षरं फुटण्याची भीती असते. मूळ फाइल मात्र जपून ठेवा, कारण पाथ केलेली अक्षरं पुन्हा टाइप करून दुरुस्त करता येत नाहीत.

छापखान्यात कोरलड्रॉ असेल, तरी गाइड आणि लेअर तिथेही असतात. त्यामुळे दुसऱ्याकडून लेबल करून घेतलंत, तरी विचारा: "माया किती सोडली? किंमत वेगळ्या थरावर आहे ना?" आणि एक लेबल साध्या कागदावर छापून, कापून, पाकिटावर धरून पाहा. शेंगदाण्याचा भाव वाढला की आता आमच्या गटातली कुणीही फाइल उघडते, वरच्या थरातला एक आकडा बदलते आणि फाइल छपाईला पाठवते. बाकीचं लेबल जागचं हलत नाही.