गोळी सुटल्यानंतरचा अर्धा तास

मागच्या हिवाळ्यात ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक आपल्या मुलाला घेऊन ओपीडीत आले. मुलगा अमेरिकेत, टेक्सास राज्यात डॅलसजवळ नोकरीला. तो महिन्याभराच्या सुट्टीवर गावी आला होता आणि आल्यापासून त्याला ताप येत होता. सकाळी अंग थंडगार, दुपारनंतर कणकण, रात्री घामाने चादर ओली. कंबर अशी दुखायची की खाली बसून उठताना भिंतीचा आधार लागायचा. गावातल्या तपासणीत विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइडची औषधे झाली. चार दिवस ताप उतरला आणि पुन्हा आला. ‘क्षय तर नाही ना, डॉक्टर?’ सरांनी दबक्या आवाजात विचारले.

छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. पांथरी किंचित वाढलेली होती. लांबलेल्या तापाच्या प्रत्येक रुग्णाला विचारतो तेच मी विचारले. घरी गुरे आहेत का? शेळ्या? कच्चे दूध? मुलगा हसला. ‘काका, डॅलसमध्ये कुठल्या शेळ्या?’ मग वडिलांकडे एकदा बघून हळूच म्हणाला, ‘दिवाळीच्या आधी ऑफिसातल्या मित्राबरोबर त्याच्या रँचवर रानडुकरांच्या शिकारीला गेलो होतो. बंदूक मी चालवली नाही. नंतर सोलायला हात लावला, एवढंच.’

हातमोजे घातले होते का? नाही. कुठे कापले होते का? त्याने अंगठ्यावरचा व्रण दाखवला.

रक्ताचे कल्चर पाठवताना मी प्रयोगशाळेला फोन करून माझा संशय सांगितला. सहाव्या दिवशी अहवाल आला : ब्रुसेला.

ही शिकार नेमकी काय असते, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. डुक्कर हा मुळात अमेरिकेतला प्राणीच नव्हे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी खाण्यासाठी डुकरे नेली, त्यातली काही रानात गेली. पुढे 1930 च्या दशकात शिकारीची हौस भागवण्यासाठी टेक्सासमध्ये युरोपातली रानडुकरे आणून सोडली गेली. दोन्हींचा संकर झाला. आज एकट्या टेक्सासमध्ये त्यांची संख्या वीस लाखांहून अधिक असल्याचे अंदाज आहेत. मादी वर्षाची होण्याआधीच माजावर येते, पावणेचार महिन्यांत विते आणि एका वेतात साधारण चार ते सहा पिल्ले देते. मका, भुईमूग, गवताची कुरणे हे कळप एका रात्रीत नांगरल्यासारखे उकरून टाकतात. अमेरिकेत त्यांच्यामुळे होणारे नुकसान वर्षाला दीड अब्ज डॉलरहून जास्त धरले जाते.

टेक्सासची बहुतेक जमीन खासगी मालकीची. रँच म्हणजे शेकडो, कधी हजारो एकरांची गुरे चारण्याची जमीन. रँचमालकाची परवानगी असेल तर खासगी जमिनीवर रानडुक्कर मारायला 2019 पासून तिथे शिकारीचा परवानाही लागत नाही. मक्याचे दाणे पसरून ठेवायचे, मचाणावर किंवा गाडीत दबा धरून बसायचे, अंधारात शरीराची ऊष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीतून नेम धरायचा आणि रायफलचा चाप ओढायचा. एवढ्यात शिकार संपते असे पाहुण्याला वाटते. डॉक्टरच्या दृष्टीने धोका तिथून सुरू होतो.

पडलेले जनावर लवकर साफ करावे लागते, नाहीतर मांस नासते. पोट फाडणे, आतडी व गर्भाशय बाहेर काढणे, कातडे सोलणे हे काम बहुधा उघड्यावर, बॅटरीच्या उजेडात आणि घाईत होते. ब्रुसेला सुइस हा जिवाणू याच रक्तात आणि अवयवांत असतो. जननेंद्रियांत आणि गाभण मादीच्या गर्भाशयात तर विशेष. हाताला बारीकसा काप असला, डोळ्यात रक्ताचा शिंतोडा उडाला, किंवा त्याच हाताने तोंड पुसले, की तेवढे पुरते. जनावर बाहेरून धडधाकट दिसते, त्यामुळे पाहून काही कळत नाही.

अमेरिकेत पूर्वी हा आजार कत्तलखान्यातल्या कामगारांना होई. पाळीव डुकरांतून त्याचे निर्मूलन करण्याची मोहीम यशस्वी झाली आणि तो तिथे घटला. रानातल्या कळपांत मात्र तो टिकून राहिला. 2009 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, तीन राज्यांतून कळवल्या गेलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्या सगळ्यांमागे रानडुकरांची शिकार हे एकच कारण होते.

लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी काही महिनेही. तोवर शिकारीचा दिवस विस्मरणात गेलेला असतो. येणारा-जाणारा ताप, घाम, थकवा, सांध्यांचे व कंबरेचे दुखणे, पुरुषांत कधी वृषणाची सूज. आपल्याकडे हे चित्र टायफॉइड किंवा क्षयाच्या नावाखाली सहज खपून जाते. हा जंतू मणक्यात किंवा हृदयाच्या झडपांवर ठाण मांडू शकतो. उपचार आहेत, पण ते अर्धवट सोडता येत नाहीत. डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन ही जोडी किमान सहा आठवडे द्यावी लागते. एकच औषध दिले किंवा दोन आठवड्यांत बरे वाटले म्हणून थांबवले, तर आजार उलटतो. प्रयोगशाळेला आधी कळवण्याचे कारणही हेच की हा जंतू हवेतून तंत्रज्ञाच्या श्वासात जाऊन त्यालाही आजारी पाडू शकतो. शिवाय तो सावकाश वाढत असल्याने कल्चरवर घाईने ‘काही नाही’ असा शेरा मारून चालत नाही.

मांसाबद्दलही एक गैरसमज आहे. फ्रीजरमध्ये ठेवले, धुरावले किंवा मीठ लावले की जंतू मेले, असे अनेक शिकारी मानतात. ब्रुसेला गोठवल्याने मरेलच असे नाही. रानातल्या जनावरांतले ट्रिकिनेला हे कृमीही काही वेळा थंडीला दाद देत नाहीत. मांस आतपर्यंत 71 अंश सेल्सिअस होईल असे शिजवणे हाच खात्रीचा उपाय. रानडुकराच्या कच्च्या किंवा अर्धकच्च्या मांसातून यकृताला सूज आणणारा हेपॅटायटिस-ई देखील होऊ शकतो.

रायफलचे स्वतःचेही दोन धोके आहेत. शिशाची गोळी वेगाने जनावरात शिरते तेव्हा तिचे बारीक कण जखमेपासून दूरवर पसरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि शिजवल्याने जात नाहीत. 2008 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटा राज्यात एका डॉक्टरने गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या मांसाच्या पुड्यांचा सीटी स्कॅन केला, तेव्हा निम्म्याहून अधिक पुड्यांत धातूचे कण दिसले. नंतरच्या तपासणीत शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसे थोडे जास्त आढळले. मोठ्यांसाठी ही वाढ लहान होती. पण मुलांच्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी मात्राच नसते. म्हणून लहान मुले आणि गरोदर बाया असलेल्या घरात असे मांस नको, किंवा गोळी तरी तांब्याची हवी.

दुसरा धोका कानाचा. रायफलचा आवाज 140 डेसिबलच्या पुढे जातो आणि एवढा एकच आवाज कानाच्या आतल्या पेशी कायमच्या मारू शकतो. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून अशा शिकाऱ्यांत बहुधा डावा कान आधी कमजोर होतो.

बंदुकीने हा प्रश्न सुटेल का? संख्या आहे तिथेच रोखायची तर दरवर्षी जवळपास दोन तृतीयांश डुकरे कमी करावी लागतात. हौशी शिकार त्याच्या आसपासही पोचत नाही. एक पडले की उरलेला कळप पांगतो, सावध होतो आणि नव्या भागात शिरतो. म्हणूनच मिसुरी राज्याने 2016 मध्ये आपल्या संवर्धन विभागाच्या जमिनींवर रानडुकरांच्या शिकारीला बंदी घातली आणि अख्खा कळप पिंजऱ्यात पकडण्यावर भर दिला. टेक्सासच्या रँचवर मात्र शिकार सुरूच राहणार, आणि तिथे राहणाऱ्या आपल्या मुलांना मित्रांची आमंत्रणेही येत राहणार.

जाणाऱ्यांना सांगणे थोडे आहे. शिकारीच्या वेळी कान झाका. सोलताना कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. हाताला जखम असेल तर त्या कामाला हात लावू नका. नंतर साबणाने हात धुवा, चाकू व फळी निर्जंतुक करा. आतडी कुत्र्यांना घालू नका. काम करताना कापले असेल तर ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा.

आपल्या राज्यातही रानडुकरे पिकांची नासाडी करतात, पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय त्यांना मारणे गुन्हा आहे. आमच्याकडे ब्रुसेला येतो तो बहुतांशी शेळ्या-मेंढ्या आणि गाई-म्हशींतून. गाभडलेल्या शेळीचा वार उघड्या हाताने ओढणारी बाई आणि रँचवर डुक्कर सोलणारा इंजिनीअर, दोघांच्या आजाराची वाट एकच. दोघेही डॉक्टरला ते आपण होऊन सांगत नाहीत, कारण तापाशी त्याचा संबंध असेल हे त्यांच्या मनातही येत नाही. ते विचारणे आमचे काम. आणि ताप दोन आठवड्यांहून लांबला तर कुठल्या जनावराला हात लागला होता हे आठवून सांगणे तुमचे.

सरांच्या मुलाचा एमआरआय चांगला आला. मणका वाचला होता. आठवड्यात ताप गेला. त्याने परतीचे तिकीट पुढे ढकलले, सहा आठवड्यांचा औषधाचा कोर्स गावीच पूर्ण केला आणि मग गेला. जाण्याआधी रँचवरच्या त्या मित्रालाही त्याने फोन करून रक्त तपासून घ्यायला सांगितले.